पांढऱ्या शेवया

मदनसिंगनं लोखंडी पेटीतून एक पुडकं काढलं, सुतळी सोडली आणि आतली पांढऱ्याशुभ्र शेवयांची चवड परातीत ठेवली. मोतीबाईनं हातातला तांब्या होता तिथंच टेकवला आणि आधी पोरगी कुठं आहे ते पाहिलं. पोरगी, म्हणजे सात वर्षांची धनी, काकाच्या गुडघ्याला रेलूनच बसली होती.

"याडी, शेवया!" धनी आईकडे बघून ओरडली. "काकानं मायासाठी शेवया आनल्या!"

"हात लावू नको त्याले!"

मोतीबाई एवढ्या जोरानं बोलली की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. धनीनं हात मागं घेतला. तिला या ओरडण्याची सवय होती. इतर पोरांना विस्तवाला हात लावू नको म्हणून सांगतात, तसं हिला पोळीला हात लावू नको म्हणून सांगितलं जाई.

मदनसिंग मात्र हसला. मोतीबाईचा हा धाकटा दीर फौजेत गाडी चालवायचा. चोपन्न साली तिकडं दूर व्हिएतनाममधली लढाई थांबली आणि तिथं शांतता नीट पाळली जाते की नाही ते बघायला आपल्या सरकारनं माणसं पाठवली, त्यात शेलूबाजारजवळच्या या तांड्यातला मदनसिंगही हनोईला जाऊन बसला. दोन वर्षांनी तो काल घरी आला होता. सोबत खाकी कपडे, एक घड्याळ, आणि परमुलखातलं सगळं आपल्याला कळतं असा तोरा.

"वयनी, तू काहून भेऊन राह्यली? गव्हाच्या नाहीत ह्या. तांदुयाच्या हायेत. तिकडं सकायच्या पारी जो तो रस्त्याच्या काठी बुटक्या पाटावर बसते अन् ह्या शेवयांचा रस्सा वरपते. फो म्हन्ते त्याले. पोळी नाही, भाकर नाही. पयल्यांदा खाल्ला ना, तवा मले आपली धनीच आठवली."

"तांदुयाच्या शेवया अशा लांब होते का कधी?" मोतीबाई म्हणाली. "तांदूय तुटते. तानते तो गहू."

"आता तुले कसं सांगू बाप्पा!"

सांगून पटण्यासारखी गोष्टच नव्हती, कारण मोतीबाईनं एकदा सगळ्यांचं ऐकून पाहिलं होतं आणि त्यात तिची थोरली लेक गेली होती.

या मुलखात रोजचं खाणं ज्वारीचं. गहू सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. माणूस अंथरुणाला खिळला की त्याला भाकर जड पडेल, म्हणून गव्हाची लापशी, दुधातल्या शेवया, मऊ पोळी करून घालायची, ही इथल्या प्रत्येक बाईची माया. मोतीबाईची थोरली, सुंदर, दीड वर्षाची झाली आणि तिचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्या, पोट नगारा, आणि जुलाब काही थांबेनात. मग भाकर बंद झाली आणि लापशी सुरू झाली. पोर जसजशी सुकत गेली तसतसा घरातला गहू वाढत गेला. मोतीबाई पहाटे उठून स्वतः दळायची आणि सासू, भुरीबाई, नातीला मांडीवर घेऊन घास भरवायची. दोघींनी जिवाचं रान केलं. सुंदर चार वर्षांची होऊन गेली.

मग धनीचं पोट फुगायला लागलं.

त्या वेळी मोतीबाईनं कुणाला विचारलं नाही. पोरीला काखेत मारली आणि मोटारीनं अकोल्याला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी धनीला तपासलं आणि विचारलं, "हिला खायला काय देता?" मोतीबाईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "गव्हाचंच देते बाई. जवारी पार बंद केली." डॉक्टरीणबाईंनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाल्या की, अशी काही मुलं असतात, गहू त्यांच्या आतड्याला विषासारखा लागतो. परदेशातल्या डॉक्टरांनी हे नुकतंच शोधून काढलंय. कणीक तिंबली की जो चिकटपणा येतो, पोळी ताणली की जे ताणतं, तेच या पोरीचं वाईट करतं. भाकरी द्या, भात द्या, मटण द्या. गव्हाचा कण नको.

"कन म्हनजे किती, बाई?"

"कण म्हणजे कण."

मोटारीत परत येताना मोतीबाई रडली नाही. तीन वर्षं आपण पहाटे उठून जात्यावर काय दळत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

तेव्हापासून तिच्या घरात गहू आला नाही. तिनं टाकारी बोलावून जात्याला नवी टाकी लावून घेतली. दगडाच्या खाचांत जुनं पीठ अडकलेलं असेल म्हणून दोन बोटं दगड घासायला लावला. तांडा पोट धरून हसला. कणीक मळायची काथवट बदलली, चाळण जाळली. धनी दोन महिन्यांत उभी राहिली, सहा महिन्यांत पळायला लागली. आणि मग कामरगावच्या एका लग्नात कुणीतरी लाडानं तिच्या हातात अर्धी पुरी दिली. तीन आठवडे पोरगी डोळे पांढरे करून पडली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी वाचली. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

म्हणून मोतीबाई भ्यायची. विहिरीवर भ्यायची, बाजारात भ्यायची, शेजारणीनं पोरीचा गाल कुरवाळला तरी त्या हाताकडं बघत राहायची. आणि सगळ्यांत जास्त ती घरातच भ्यायची, कारण भुरीबाईला यातलं काही मान्य नव्हतं. म्हातारी घरात गहू आणत नसे, सुनेशी भांडतही नसे. पण दर सणाला ओट्यावर बसून एकच वाक्य बोलायची. "गव्हानं कोनी मरते का कुठं? देवीले गव्हाचाच भोग लागते."

"तुमी तिकडं पिकताना पाह्यलं, करताना पाह्यलं, का दुकानातून उचलून आनल्या?" मोतीबाईनं दिराला विचारलं.

"दुकानातून."

"मंग मी पाह्यते."

तिनं परातीतल्या मूठभर शेवया घेतल्या, कोमट पाण्यात भिजत घातल्या आणि मऊ झाल्यावर पाट्यावर बारीक वाटल्या. तो गोळा तळहातावर घेऊन ती घंगाळाशी बसली. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. गव्हाचा गोळा पाण्यात चोळत गेलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात राहतो तो चिवट, रबरासारखा लगदा. गुराखी पोरं कच्चे गहू चावून चावून तोंडात तोच लगदा करतात. मोतीबाईनं डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं तेव्हाच तिच्या डोळ्यांपुढं तो लगदा आला होता.

ती चोळत राहिली. मदनसिंग समोर उकिडवा बसला होता. त्याचं हसू हळूहळू ओसरलं, कारण मोतीबाईचे ओठ पांढरे पडले होते. पाणी दुधासारखं झालं. गोळा लहान झाला, आणखी लहान झाला. तिची बोटं थांबेनात. शेवटी तिनं मूठ उघडली. तळहातावर काहीच नव्हतं.

तरी तिनं एक कोरडी शेवई तोंडात टाकली आणि चावत बसली. विरघळून गेली. चिवट असं काही उरलं नाही.

"झालं समाधान?"

"शेवयांचं झालं," मोतीबाई म्हणाली. "तीन पान्यानं धुवून घेईन. वरून कायचं पीठ भुरभुरलं असन, काय माहीत."

नवरा, धरमसिंग, सकाळीच शेलूबाजारला जाऊन बोकडाच्या नळ्या घेऊन आला होता. मदनसिंगनं बाह्या सारल्या. कांदा आणि आलं निखाऱ्यात काळं होईस्तोवर भाजलं, नळ्या एकदा उकळून ते पाणी फेकून दिलं, दुसऱ्या पाण्यात दालचिनी, चक्रीफूल आणि कांदा सोडला. मोतीबाई प्रत्येक वस्तूच्या आड येत होती. हे पातेलं कुणाचं? शेजारच्या रामीबाईकडून आणलं? तिनं लग्नाच्या पोळ्या केल्या होत्या, तेव्हा यात कणीक भिजवली असेल. तिनं ते चुलीवरून उतरवायला लावलं, रस्सा आपल्या पितळी भगोण्यात ओतून घेतला, आणि लगेच तिच्या मनात आलं की आता हा रस्साही गेला. मग भगोणं राखेनं घासून मदनसिंगला पुन्हा नव्यानं नळ्या मांडायला लावल्या. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण तो बोलला नाही. नळ्या अजून उरल्या होत्या हे नशीब.

दोन तास रस्सा उकळत होता. वास असा सुटला की तांड्यातली माणसं काही ना काही निमित्तानं दारावरून जाऊ लागली. धनी उंबऱ्यावर बसून मधूनमधून नाक वर करायची. होळीला, अक्षय्यतृतीयेच्या अखजीला सगळी पोरं गुळाच्या शेवया ओरपायची तेव्हा ती भाकरीचा तुकडा घेऊन घराच्या मागं जाऊन बसायची. आज पहिल्यांदा शेवया तिच्यासाठी शिजत होत्या. ती दर थोड्या वेळानं विचारायची, "झाल्या का?"

रस्सा तयार झाला. मदनसिंगनं पेटीतून एक बाटली काढली. आत काळंभोर पाणी.

"आता ह्याचे चार थेंब. बस, मंग पाह्य कसा रंग येते."

"काय हाये ते?"

"दान्याचं पानी. तिकडं एक दाना होते, सोया म्हन्ते, त्याचं. मीठ अन् दाना, दुसरं काही नाही."

त्यानं बूच काढलं. मोतीबाईनं बाटलीचं तोंड हातानं झाकलं. पाण्याचा काय चीक काढणार? ते चोळता येत नव्हतं, चावता येत नव्हतं. तिची परीक्षा इथं लागू पडत नव्हती, आणि त्यामुळं ती जास्तच घाबरली.

"भाऊजी, हे करताना पाह्यलं तुमी?"

"व्हय, हे पाह्यलं. आमच्या छावनीमागं एक चिनी म्हातारा करत होता. रोज जात होतो मी त्याच्याकडं."

"मंग सांगा. पयल्यापासून सांगा."

मदनसिंगनं उसासा टाकला, पण सांगायला लागला. "आंधी दाने शिजवते. मंग सुपावर पसरून गार करते. मंग वरून भाजलेलं पीठ चोळते, अन् बुरशी येऊ देते. बुरशी आली का मग मिठाच्या पान्यात..."

"पीठ कायचं?"

मदनसिंगनं बाटलीकडं पाहिलं, मग वहिनीकडं पाहिलं. तो कुठंतरी लांब गेल्यासारखा दिसत होता.

"त्याच्या दारात गोनी होती," तो हळूच म्हणाला. "मीनं हात घालून पाह्यलं होतं. एवढ्या दूर येऊन आपल्याकडचं धान्य दिसलं म्हून बरं वाटलं होतं मले. वयनी, गहू होता तो. गहूच होता."

बूच त्याच्या हातातून गळून पडलं. दोन वर्षं हा माणूस बंदुका घेतलेल्या लोकांमधून गाडी हाकत होता. पण आता त्यानं बाटली खाली ठेवली आणि तो तिच्यापासून मागं सरकला. मोतीबाईनं बाटली घेतली, बूच उचललं, पोरं जात नाहीत अशा खळ्यामागच्या खड्ड्यात सगळं ओतलं आणि बाटली पुरून टाकली. परत येऊन तिनं हात धुतले, मदनसिंगचे धुवायला लावले, त्याची चड्डीसुद्धा बदलायला लावली. त्यानं मुकाट्यानं बदलली. आता या घरात भिणारी दोन माणसं झाली होती.

"राहू दे वयनी," तो म्हणाला. "नोको देऊ तिले. भातच दे."

मोतीबाईनं उंबऱ्यावरच्या पोरीकडं पाहिलं. काकाचं बोलणं धनीनं ऐकलं होतं. ती उठली आणि नेहमीसारखी घराच्या मागं जायला निघाली. तिच्या त्या जाण्यानं मोतीबाईच्या जिवाला चरका बसला.

"थांब वं," ती म्हणाली. "शेवया पाह्यल्या मीनं. नळ्या पाह्यल्या, मीठ पाह्यलं. परसातला सांबार मायाच हातचा हाये. दे तिले, भाऊजी. मी पाह्यते ना."

मदनसिंगनं धुतलेल्या शेवया उकळत्या पाण्यातून काढून कांशाच्या वाटग्यात घातल्या, वर मटणाचे मऊ तुकडे ठेवले, रस्सा ओतला, कोथिंबिरीचा तो सांबार भुरभुरला आणि लिंबू पिळलं. बाकीच्यांचं अजून वाढायचं होतं. पहिला मान धनीचा.

पण त्याआधी देवीचा भोग. लेक परमुलखातून जिवंत घरी आला, म्हणून भुरीबाई भोग बोलली होती. निखाऱ्यावर तूप आणि लापशी सोडायची, धूर झाला की हात जोडायचे, आणि मग प्रसाद वाटायचा. या घरात गहू शिजत नाही, म्हणून म्हातारी सकाळपासून रामीबाईच्या घरी बसून लापशी करत होती. आता ती ताटलीवर पदर झाकून आली. मोतीबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, भोग अंगणाच्या टोकाला लावायचा, आणि प्रसाद धनीला द्यायचा नाही. म्हातारीनं तेव्हा हो किंवा नाही असं काहीच म्हटलं नव्हतं.

निखाऱ्यावर तूप चरचरलं. सगळ्यांनी हात जोडले. मोतीबाईनंही डोळे मिटले, एक क्षणभरच. पोरीला सांभाळ, एवढंच ती मनात म्हणाली.

डोळे उघडले तर भुरीबाई धनीपुढं बसली होती. म्हातारीनं ताटलीतली चिमूटभर लापशी उचलली, पोरीच्या कपाळाला लावल्यासारखी केली आणि तिच्या वाटग्यात, शेवयांवर टाकली. आणि धनी, जिला पोळीचा वास आला तरी लांब पळायची सवय, ती धनी आजीच्या तोंडाकडं बघत घास तोंडात घालत होती.

मोतीबाई धावली. तिनं वाटग्याला लाथच मारली म्हणा ना. वाटगं ठणठण करत अंगणभर गेलं, शेवया मातीत पसरल्या. तिनं धनीचा जबडा धरला, तोंडात दोन बोटं घातली आणि जिभेवरचं, गालातलं, टाळूवरचं सगळं ओरबाडून काढलं. पोरीला उलटी झाली. "थुक!" मोतीबाई ओरडत होती. "थुक, थुक, सगळं थुक!" धरमसिंग पाणी घेऊन धावला. धनी रडत नव्हती. ती फक्त घाबरून आईकडं बघत होती.

मग मोतीबाई सासूकडं वळली. आजवर ती म्हातारीला उलटून एक शब्द बोलली नव्हती.

"एक गेली ते पुरलं नाही का तुमाले?" ती म्हणाली. "हिलेबी न्यायचं हाये?"

भुरीबाई बसल्या जागेवरून हलली नाही. ताटली तिच्या मांडीवर होती.

"तांदुयाची हाये," ती म्हणाली.

कुणालाच कळलं नाही.

"लापशी तांदुयाची हाये. रामीच्या घरी तांदूय भरडले. तिच्या जात्यावर नाही, पाट्यावर. पाटा अन् पातेलं राखेनं घासलं, मीनंच घासलं. गहू नाही त्यात."

मोतीबाईचा विश्वास बसला नाही. का बसावा? देवीच्या भोगाची लापशी गव्हाची, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिनं सासूच्या मांडीवरची ताटली ओढली, मूठभर लापशी स्वतःच्या तोंडात कोंबली आणि चावायला लागली. देवीचा प्रसाद ती तपासत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती चावत राहिली, जिभेनं दाताच्या फटी चाचपत राहिली, चिवट लगद्याची वाट बघत राहिली. गूळ विरघळला. तूप विरघळलं. दाणे मऊ होऊन विरघळून गेले. गहू असा जात नाही. गहू उरतो.

तिनं ताटलीत बोट फिरवून कण्या उन्हात धरून पाहिल्या. गुळानं तांबूस झालेल्या, पण कोंडा कुठंच नाही. तांदूळच होता.

"मंग सांगतलं काहून नाही?" मोतीबाईनं विचारलं.

"कोनाले सांगू? देवीच्या भोगात आजवर कोनं तांदूय घातला नाही. मायी सासू नाही, तिची सासू नाही. देवीलेच सांगतलं. म्हनलं, माय, कोपायचं असन त मायावर कोप, मायं घर सोड. दोन रोज झाले, डोयाले डोया नाही."

"पन तुमी त मानतच नव्हत्या. गव्हानं कोनी मरते का म्हनत होत्या."

"कशी मानू वं?" भुरीबाईनं वर पाहिलं. एवढ्या वर्षांत मोतीबाईनं तिचे डोळे असे कधी पाहिले नव्हते. "सुंदरले शेवटचा घास मीनं भरवला. लापशीचा. तोंड उघडत नव्हती पोट्टी, त बोटानं उघडून घातला. गव्हानं मरते असं मानलं, त मंग मीनंच... म्हून मानत नव्हती. अन् परवा, लेक येनार म्हून, रामीच्या घरी लापशीसाठी गहू निवडाले बसली, त धनी दारात उभी. म्हने, दादी, गहू हाये का, मंग मी दूर बसते. सात वर्साची पोट्टी देवीच्या भोगाले दूर बसन. मले नाही सोसलं."

चुलीवर रस्सा रटरटत होता.

"दयून त मीच देत होती, आत्याबाई," मोतीबाई म्हणाली. "तुमी एकट्या नाही."

तेव्हा कुठं म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मोतीबाई तिच्याजवळ बसली. मघाशी आपण काय बोललो ते तिला आठवत होतं आणि ते शब्द आता परत घेता येणार नव्हते. तिनं नुसता सासूच्या पाठीवर हात ठेवला. या दोघी बायकांनी सुंदरचं नाव आठ वर्षांत एकमेकींपुढं काढलं नव्हतं.

धनी तोंड पुसत उभी होती. तिचं लक्ष मातीतल्या शेवयांकडं होतं. "याडी, मंग मी खाऊ का?" तिनं विचारलं. "का अजून पाह्यचं हाये?"

"खाय," मोतीबाई म्हणाली. "भाऊजी, दुसरं वाटगं भरा. आत्याबाई भरवते तुले."

परातीत शेवया उरल्या होत्या. मदनसिंगनं नवं वाटगं धुऊन भरलं आणि आजी-नातीच्या मधोमध आणून ठेवलं. त्यातून वाफ निघत होती. भुरीबाईनं डोळे पुसले, बोटानं शेवया गुंडाळल्या आणि हात पुढं केला.

मोतीबाईनं ठरवलं होतं की बघायचं नाही. पण तिची नजर गेलीच, म्हातारीच्या नखांवर गेली. सकाळपासून रामीबाईच्या घरी बसून आलेल्या हाताच्या नखांत काय असेल आणि काय नसेल. एवढं सगळं झाल्यावरही तिच्या मनात तीच जुनी भीती उभी राहिली, आणि तिला ती लपवता आली नाही.

भुरीबाईनं ती नजर पाहिली. हातातला घास तिनं बाजूला पानावर ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. रुसली नाही. चुलीतली राख घेतली, दोन्ही हात कोपरापर्यंत घासले, काडीनं एकेक नख कोरलं, धरमसिंगला तीन तांबे पाणी ओतायला लावलं. मग शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे उघडून ती सुनेपुढं बसली.

मोतीबाईनं दहाच्या दहा नखं उन्हात धरून नीट पाहिली.

"भरवा," ती म्हणाली.